मजुरी सकाळपर्यंत ठेवू नका

वर्षभरात बायबल वाचून काढायचं असा जानेवारीत निश्चय करणारी माणसं आमच्या चर्चच्या मंडळीत पुष्कळ आहेत. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर वाचून होतं. निर्गममध्ये तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत उत्साह टिकतो. निवासमंडपाच्या लांबी-रुंदीपाशी चाल मंदावते आणि फेब्रुवारीत लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की बरेचजण थांबतात. होमार्पणं, पापार्पणं, महारोगाची लक्षणं, दुभंगलेल्या खुरांचे आणि रवंथ करणारे पशू. मग कुणीतरी म्हणतं, हे जुन्या करारातलं आहे, आपण आता कृपेखाली आहोत, आपल्याला हे लागू नाही. आणि बायबल स्तोत्रसंहितेपाशी उघडलं जातं.

मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. हेच आपण आपल्या मुलांकडून संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ करून घेतो. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचा, विषय निघाला की मलाखी या संदेष्ट्याचं पुस्तक काढतो. घरातल्या पोरानं दंडावर गोंदवून घेतलं तर लेवीय 19:28 दाखवतो. म्हणजे काही लागू आहे आणि काही नाही, असं आपण मानतोच. मग ते कुणी ठरवायचं आणि कशावरून? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मिशनच्या शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांच्या घरात मी वाढले. तिथे बायबल रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचलं जायचं आणि त्यात लेवीय गाळलं जात नसे. हा प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबत आहे.

लेवीयचा 19वा अध्याय एकदा सलग वाचून पाहा. आईबापांचा मान राखा, शब्बाथ पाळा. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत झाडून कापू नका, सरवा वेचू नका, द्राक्षमळ्यात गळून पडलेली फळं गोळा करू नका; ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. चोरी करू नका, खोटं बोलू नका. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत ठेच लागेल असं काही ठेवू नका. न्याय करताना गरिबाची कड घेऊ नका आणि बड्याची भीड धरू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. आणि अगदी पुढच्याच वचनात येतं, दोन प्रकारच्या सुतांनी विणलेलं कापड अंगावर घालू नका. मग अंगावर गोंदवू नका, पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा, तुमच्या देशात राहणाऱ्या उपऱ्याला आपल्यातलाच माना, तराजू खरा ठेवा, वजनमापं खरी ठेवा.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्यानं विचारलं तेव्हा येशूनं दुसरी मोठी आज्ञा म्हणून जी सांगितली, ती या अध्यायातून उचललेली. तिच्या शेजारीच कापडाची आज्ञा आहे. मध्ये रेघ ओढलेली नाही, वेगळं शीर्षक नाही.

चर्चच्या इतिहासात या अडचणीवर एक जुना तोडगा आहे. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं नियमशास्त्राची, म्हणजे मोशेच्या हातून दिलेल्या आज्ञांची, तीन भागांत विभागणी केली: नैतिक, विधींविषयी आणि न्यायव्यवस्थेविषयी. पुढे प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विननं ती स्वीकारली, आणि 1640च्या दशकात लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये बसलेल्या सभेनं आपल्या विश्वासपत्रात ती पक्की केली. नैतिक भाग सर्वकाळ बंधनकारक. विधी ख्रिस्तात पूर्ण झाले. न्यायव्यवस्थेचे नियम इस्राएलाच्या राज्याबरोबर संपले, त्यांतलं सर्वसाधारण न्यायतत्त्व तेवढं आजही लागू. आमच्याकडचे बहुतेक पाळक कळत-नकळत याच विभागणीतून शिकवतात. ढोबळ कामाला ती उपयोगी आहे. कोकराचं अर्पण आणि खुनाची मनाई यांना एका मापानं मोजता येत नाही, हे ती बरोबर सांगते.

पण सरव्याचा नियम कुठल्या भागात टाकायचा? तो शेतीचा, म्हणजे न्यायव्यवस्थेतला. राज्य गेलं, नियम गेला. मजुरीचाही तसाच, घराच्या धाब्याला कठडा करण्याच्या नियमाचाही तसाच. पाहता पाहता गरिबाशी संबंध असलेल्या बहुतेक आज्ञा 'संपलेल्या' भागात जाऊन बसतात, आणि 'नैतिक' म्हणून उरतं ते बहुतेक स्वतःच्या घरापुरतं, स्वतःच्या शरीरापुरतं. ही विभागणी ज्यांनी केली त्यांच्या मनात हे नव्हतं. तरी आमच्या उपदेशांत तसं घडलेलं मी ऐकत आले आहे. दारूवर, सिनेमावर, मुलींच्या कपड्यांवर मी असंख्य उपदेश ऐकले. मजुरी वेळेवर देण्यावर मात्र व्यासपीठावरून एकही ऐकल्याचं आठवत नाही.

माझी वाट मला निर्गमच्या 20व्या अध्यायातल्या दुसऱ्या वचनापाशी सापडली. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेनं होत नाही. ज्यानं तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव आहे, असं आधी सांगितलं जातं. मग पहिली आज्ञा येते. समुद्र 14व्या अध्यायात दुभंगला, सीनाय पर्वत 19व्यात आला. आधी सुटका, मग नियम. मिसरच्या फारो राजाच्या वीटभट्टीवर राबणाऱ्यांना देवानं अशी अट घातली नाही की आधी हे पाळा, मग सोडवतो. म्हणून 'जुना करार म्हणजे नियम आणि नवा करार म्हणजे कृपा' ही सोपी वाटणी मला मान्य नाही. कृपा सीनायच्या आधीच आली होती. सुटलेल्या माणसांनी आपसांत कसं राहायचं, पुन्हा कुणी कुणाचा फारो होऊ नये म्हणून काय करायचं, हे नियमशास्त्र सांगतं. तुम्हीही मिसर देशात उपरी होता, ही आठवण त्यात पुन्हा पुन्हा येते ती याचसाठी.

प्रेषित पौल गलतीकरांच्या मंडळ्यांना पत्रात इतक्या तळमळीनं लिहितो त्याचं कारणही इथेच आहे. सुंता करून घेतली, अमुक दिवस पाळले, अमुक खाणं सोडलं म्हणजे देव आपल्याला नीतिमान ठरवील, असं कुणी म्हणू लागलं की क्रम उलटा होतो. आजकाल मोबाईलवर असे शिक्षक पुष्कळ भेटतात. शनिवार पाळा, डुकराचं मांस टाळा, जुने सण पाळा, नाहीतर तारण अपुरं आहे, असं ते सांगतात. त्यांच्या जाळ्यात सापडलेली साधी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं. पण तोच पौल त्याच पत्रात म्हणतो की सगळं नियमशास्त्र शेजाऱ्यावर प्रीती कर या एका वचनात पूर्ण होतं, आणि रोमकरांना विचारतो, मग आपण विश्वासानं नियमशास्त्र रद्द करतो काय? कधीच नाही, आपण ते प्रस्थापित करतो.

प्रस्थापित कसं करायचं, हे पौलानं एका बैलाच्या निमित्तानं दाखवलं आहे. नियमशास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात (25:4) आज्ञा आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नको. करिंथकरांना लिहिताना पौल ही आज्ञा काढतो आणि विचारतो, देवाला बैलांचीच काळजी आहे काय? मग सांगतो की जो नांगरतो आणि जो मळतो, त्यानं वाटा मिळेल या आशेनं काम करावं. बैलाची आज्ञा जुनी झाली म्हणून तो ती टाकून देत नाही. ती फक्त बैलापुरती आहे असंही मानत नाही. राबणाऱ्याचं तोंड बांधून त्याच्यासमोर धान्याची रास करायची, या क्रौर्यावर त्या आज्ञेनं बोट ठेवलं आहे हे तो ओळखतो आणि जिथे जिथे ते क्रौर्य दिसतं तिथे तिला उभी करतो. खळ्यावर पात धरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि लगेच पुढे पौल हेही लिहितो की स्वतःचा हा हक्क त्यानं वापरला नाही. नियम त्यानं दुसऱ्याच्या बाजूनं वाचला.

मी तेव्हापासून प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या आज्ञेला हेच विचारते: ही कुणाला जपते आहे? नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी पडला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल, असं अनुवाद 22:8 सांगतं. पुण्यात आमच्या आजूबाजूला रोज एक नवी इमारत वर चढते आहे. कमरेला पट्टा नसलेली पोरं दहाव्या मजल्यावरच्या परांचीवर उभी असतात. त्या इमारतीत घर घेताना ख्रिस्ती माणूस स्वयंपाकघराचं तोंड कुठे आहे हे विचारत नसेल, चांगली गोष्ट आहे. पण बांधताना कुणी पडलं होतं का, हे विचारायला त्याला त्याचं शास्त्र सांगतं.

सगळ्याच आज्ञा अशा सरळ उघडत नाहीत, हे मला माहीत आहे. हट्टी मुलाला दगडमार करा असं लिहिलेलं आहे. परक्या राष्ट्रांतून गुलाम विकत घेण्याची मुभा लेवीय 25 मध्ये आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ख्रिस्ती मळेवाल्यांनी तिचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाळगली. त्याच देशात त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले ख्रिस्ती लोक तेच नियमशास्त्र उघडून दाखवत होते: माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड आहे, आणि धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नका असं अनुवाद 23 मध्ये आहे. 1850 साली अमेरिकेनं पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा केला तेव्हा हे वचन किती टोकदार झालं असेल! त्या लढ्याची नोंद आपल्या मराठी मुलखानंही घेतली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपली 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली आहे.

एकाच पुस्तकातून दोन्ही बाजू बोलतात तेव्हा निवाडा कसा करायचा? येशूनं त्याचीही रीत दाखवली. सूटपत्र देऊन बायको टाकायची परवानगी मोशेनं दिली आहे, असं परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, त्याला म्हणाले. तो म्हणाला, तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे ती दिली. प्रारंभापासून असं नव्हतं. म्हणजे नियमशास्त्रातलं काही देवाच्या मनातलं आहे आणि काही माणसाच्या कठीण मनाला घातलेला आवर आहे. आवर म्हणून दिलेली सवलत हक्क म्हणून मागायची नाही. गुलामगिरीचे नियम, सूटपत्राचे नियम मी असे वाचते. ही वाचण्याची मुभा मी स्वतःच्या सोयीसाठी घेतलेली नाही. येशूनं ती बायकोला टाकणाऱ्या पुरुषांविरुद्ध वापरली होती, हे मी लक्षात ठेवते. कुठल्याही आज्ञेचा अर्थ लावताना माझा भार कमी होत असेल आणि दुबळ्याचा वाढत असेल, तर माझं वाचन चुकतं आहे असं मी समजते.

आता मजुरीकडे येते.

अनुवाद 24 मध्ये लेवीयमधली ती आज्ञा पुन्हा येते आणि तिथे कारणही आहे. दीनदुबळ्या मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे. कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील आणि तुला पाप लागेल. मजूर माझा भाऊबंद असो की उपरा, फरक करायचा नाही असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. नव्या करारात याकोब हीच आज्ञा हातात घेऊन श्रीमंतांसमोर उभा राहतो: तुमची शेतं कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचला आहे.

मी ज्या जिल्ह्यात वाढले तिथे कापणी म्हणजे ऊस. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कामानं फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर तो अंगावर पडतो. हंगाम संपल्यावर हिशेब होतो आणि कितीतरी जोडपी उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षीही बांधली जातात. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून पाळीच नको, असा हिशेब त्या बातम्यांमध्ये बायका स्वतःच्या तोंडानं सांगत होत्या. त्यांची मजुरी नुसती सकाळपर्यंत अडकलेली नाही. काम करण्याआधीच ती खर्च झालेली असते. या भागात ख्रिस्ती मंडळ्या शंभर-दीडशे वर्षांपासून आहेत. आमच्यापैकी कुणाचे ऊस आहेत, कुणी कारखान्यात नोकरीला आहे, आणि कुणी स्वतः कोयता घेऊन जातं. हे वचन आमच्या वेशीवरचं आहे. ते जुन्या कराराचं म्हणून बाजूला ठेवण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

मत्तयच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला कृपेचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार, संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही एक दीनार. देवाची कृपा हिशेबात मावत नाही हे आम्ही त्यातून शिकतो. पण दाखल्यातला धनी पैसे कधी देतो ते पाहा. संध्याकाळ झाल्यावर तो कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलावून मजुरी दे. मोशेची आज्ञा तो जशीच्या तशी पाळतो, आणि मग तिच्याही पुढे जातो. शेवटच्या तासाला आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडं खायला असतात, हे त्याला ठाऊक आहे. येशूला कृपेची गोष्ट सांगायची होती आणि ती सांगताना त्यानं नियम पाळणारा मालक निवडला. कृपा आणि नियमशास्त्र यांची भांडणं लावणाऱ्या प्रत्येकाला मी हा दाखला पुन्हा वाचायला सांगते.

शब्बाथाचंही असंच आहे. शनिवार की रविवार, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात. निर्गममध्ये शब्बाथाचं कारण सृष्टीची निर्मिती हे आहे. अनुवादाच्या 5व्या अध्यायात मात्र कारण वेगळं आहे: तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. त्या यादीत बैल आहे, गाढव आहे, वेशीच्या आतला उपरा आहे. विश्रांती घेणं सोपं आहे. आपल्यासाठी राबणाऱ्याला ती मिळते का, हे आज्ञा विचारते. रविवारी आम्ही उपासनेला जातो तेव्हा घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना सुट्टी असते का? आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये हा प्रश्न विचारला की क्षणभर शांतता होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार, असंही कारण त्यांच्या मागणीत होतं. मोशेच्या चौथ्या आज्ञेचा गाभा या शहरात ज्यानं खरा केला तो ख्रिस्ती नव्हता, आणि गिरणीमालकांकडून तो हक्क मिळवायला झगडावं लागलं. लोखंड्यांचं नाव मी कृतज्ञतेनं घेते.

विधींच्या आणि शुद्धाशुद्धतेच्या नियमांबद्दल मला बाई म्हणून बोलायचं आहे. मी लहान असताना आमच्या मंडळीतल्या काही आज्या 'त्या' दिवसांत प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि पेला घ्यायला, पुढे येत नसत. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं. गावाची रीत होती आणि लेवीयचा 15वा अध्याय त्या रीतीला बळ देत होता. त्या अध्यायात पुरुषांच्या अशुद्धतेचेही नियम आहेत, तितकेच सविस्तर. पण पुरुष मागे राहिलेला मी कधी पाहिला नाही.

बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली ती स्त्री गर्दीतून येशूच्या मागे येते तेव्हा याच अध्यायाप्रमाणे तिचा स्पर्श ज्याला होईल तो अशुद्ध होणार असतो. ती शिवते ती त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला. हा गोंडा कसला? गणनाच्या 15व्या अध्यायात आज्ञा आहे की इस्राएल लोकांनी वस्त्रांच्या टोकांना गोंडे लावावेत, ते पाहून परमेश्वराच्या सर्व आज्ञांची आठवण व्हावी म्हणून. येशू यहूदी होता, नियमशास्त्र पाळणारा होता, त्याच्या अंगावर ते गोंडे होते. नियमशास्त्रानं जिला दूर उभं केलं होतं, तिनं नियमशास्त्राच्याच खुणेला हात घातला. आणि ती बरी झाली. अशुद्धता तिच्याकडून त्याच्याकडे गेली नाही, सामर्थ्य त्याच्याकडून तिच्याकडे आलं. तो तिला 'मुली' म्हणाला. मग तिथून याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या घरी जाऊन त्यानं मेलेल्या पोरीचा हात हातात धरला. प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध, असं गणना 19 सांगतं. तो थांबला नाही.

'शुद्धतेचे नियम ख्रिस्तात पूर्ण झाले' हे वाक्य धर्मज्ञानाच्या पुस्तकांत मी वाचलं होतं. त्याचा अर्थ मला या गोंड्यानं समजावला. ते नियम पवित्र देवाजवळ जाताना माणसाला थबकायला लावत होते. इब्री लोकांस पत्र सांगतं की आता येशूच्या रक्तामुळे परमपवित्रस्थानात धैर्यानं जाण्याची वाट उघडली आहे. मग ती वाट कुठल्या दिवशी कुणासाठी बंद आहे, हे सांगणारे आम्ही कोण? आमच्या मुली आता त्या दिवसांतही भाकर आणि पेला घेतात. मी दरवेळी मनात देवाचे आभार मानते.

जेवणाच्या पंक्तीचा विषय यातूनच निघतो, आणि आमच्या मराठी मंडळ्यांचं सगळ्यात दुखरं ठिकाण तेच आहे. पहिल्या शतकात साधारण 49 साली यरुशलेमेत प्रेषित आणि वडीलजन जमले. अन्य राष्ट्रांतल्या, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी मोशेचं नियमशास्त्र किती पाळावं, हा प्रश्न होता. प्रेषित पेत्रानं स्पष्ट विचारलं, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला वाहता आलं नाही ते यांच्या मानेवर का ठेवता? शेवटी चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तींना वाहिलेलं, व्यभिचार, गुदमरून मारलेलं आणि रक्त. लेवीयच्या 17व्या-18व्या अध्यायांत इस्राएलात राहणाऱ्या उपऱ्यासाठी जे सांगितलं आहे त्याच्याशी हे जुळतं. म्हणजे दोन वेगळ्या रीतींची माणसं एका ताटावर बसू शकतील इतकं मागितलं, त्यापेक्षा जास्त नाही.

प्रसाद घ्यायचा की नाही, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न. शेजारच्या काकू गणपतीत मोदक आणून देतात. कुणी नम्रपणे नाकारतं, कुणी घेतं. पौलानं करिंथकरांना सांगितलेलं मला पुरतं: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण कुणी हे नैवेद्याचं आहे असं सांगितलं आणि त्यानं कुणाच्या विवेकाला धक्का बसणार असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नको. माझ्या आईला धक्का बसतो म्हणून तिच्यासमोर मी घेत नाही. काकूंना ते मी सांगितलं आहे, आणि त्या दिवाळीचा फराळ देवासमोर ठेवण्याआधी आमच्यासाठी बाजूला काढतात. त्यांचं हे प्रेम मला फार मोलाचं वाटतं.

पण पंक्तीचा खरा प्रश्न मोदकाचा नाही. अंत्युखिया शहरात पेत्र अन्य राष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहूदी माणसं आली तेव्हा भीतीनं तो पंक्तीतून उठला, आणि पौलानं सगळ्यांसमोर त्याला तोंडावर विरोध केला. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे हे चालणं नीट नाही, असं तो म्हणाला. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांमधून आलेली माणसं एका पेल्यातून प्याली. त्या काळात त्या एका पेल्याची किंमत काय होती हे आम्ही विसरलो आहोत. आज प्रभुभोजनाला आम्ही एकत्र असतो, आणि मुलीचं स्थळ पाहायची वेळ आली की हळूच विचारलं जातं, कोणाकडचे आहेत? मूळचे कुठले? चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांत हे विचारलं जातं. हा अंत्युखियाचा प्रसंग आहे. कुणी पंक्तीतून उठलेलं दिसत नाही, पण उठलेलं असतं. नियमशास्त्र पाळायचं की नाही यावर वाद घालणाऱ्या आमच्या तरुणांना मी म्हणते, आधी ही एक गोष्ट मोडा.

दशांशाबद्दल थोडक्यात. मलाखीच्या 3ऱ्या अध्यायावरचे उपदेश आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. दशांश आणा, आकाशाच्या खिडक्या उघडतील. अनुवाद 14 मधलं वचन मात्र क्वचित ऐकू येतं. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, आणि लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. येशू शास्त्र्यांना आणि परुश्यांना म्हणाला होता की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. दशांश देणं त्यानं चूक म्हटलं नाही. पण भरणी-भरणीनं जिरं मोजताना दार ठोठावणारी विधवा दिसली नाही, हे त्याला सहन झालं नाही. पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, त्या वेळी केडगावला मुक्तिसदनात शेकडो विधवा आणि दुष्काळातून आणलेल्या अनाथ मुली जेवत होत्या, शिकत होत्या, काम करत होत्या. अनुवादाच्या पानावरची ती यादी त्यांच्या अंगणात चालत-बोलत होती. आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेत नियमशास्त्र जगून दाखवणारं याहून मोठं नाव मला माहीत नाही.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. अंदाजपत्रक मांडलं जाईल: ध्वनियंत्रणा, रंगकाम, नाताळचा खर्च. चर्चच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार महिना उलटून गेल्यावर, कोषाध्यक्षांना वेळ मिळेल तेव्हा दिला जातो. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, आठवड्याची सुट्टी नाही. रविवारी तर त्यांना सगळ्यांच्या आधी यावं लागतं. मी ठराव लिहून ठेवला आहे. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सूर्य मावळण्याआधी हातात पडावा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि तो कोणता हे मावशींनी ठरवावं. आवारातल्या चिंचेच्या आणि नारळांच्या लिलावाच्या पैशांतला दहावा हिस्सा वस्तीतल्या एकट्या बायकांसाठी बाजूला ठेवावा. ठरावाखाली लेवीय 19:9-13 आणि अनुवाद 24:14-15 हे संदर्भ घातले आहेत. अनुमोदन द्यायला दोघीजणी तयार झाल्या आहेत. कोषाध्यक्षांशी या रविवारी बोलायचं आहे.